एक शंकू अलीकडे

मार्लिस ट्वेट जोरात गाडी चालवते, हे गावात कुणाला सांगून पटलं नसतं. गावाने तिला बघितलं होतं ते शाळेच्या पिवळ्या बसमध्ये. प्रत्येक रेल्वे फाटकापाशी बस थांबवायची, दार उघडायचं, मुलांना गप्प बसवून आगगाडीचा आवाज येतो का ते ऐकायचं आणि मगच पुढे जायचं. एकोणतीस वर्षं हेच. छप्पन वर्षांची, जाड भिंगांचा चष्मा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. अशा बाईला जोरात कोण म्हणणार?

पण एप्रिल ते सप्टेंबर, मिळून आठ रविवार, ती बीटच्या शेतांपलीकडच्या धावपट्टीवर जायची. हवाईदलाने ती धावपट्टी केव्हाच सोडून दिली होती आणि फटींतून गवत वर आलं होतं. तिथे गावोगावची पन्नासेक माणसं जमून केशरी शंकू मांडायची. एका वेळी एकच गाडी, समोर फक्त घड्याळ. शंकूंच्या वाटेतून वळत, वाकडं होत पन्नास सेकंदांत बाहेर पडायचं. शंकू पडला की दोन सेकंद दंड. आपल्या चार फेऱ्या झाल्या की उन्हात उभं राहून दुसऱ्यांचे पडलेले शंकू उचलून जागेवर ठेवायचे. ऑटोक्रॉस म्हणतात त्याला. बक्षीस म्हणावं तर चारचौघांच्या टाळ्या, आणि वर्षाअखेर माजी सैनिकांच्या लीजन हॉलच्या भिंतीवर पितळेची एक पट्टी. त्या पट्टीसाठी शहाणीसुरती माणसं काय काय करतात ते बघायचं असेल तर वर्गणी भरून सभासद व्हावं.

आता पन्नास माणसं म्हणजे पन्नास तऱ्हांच्या गाड्या. कुणाची आठ सिलिंडरची, कुणाची आजीने दिलेली. सगळ्यांना एकाच घड्याळाने मोजलं तर आजीवाल्याने यायचंच कशाला? म्हणून गाड्यांचे गट पाडलेले आणि प्रत्येक गटाला एक गुणक. हजारातला हिशेब असतो. मार्लिसच्या डबा गाडीचा गुणक सातशे नव्वद, म्हणजे तिच्या वेळेतले हजारातले सातशे नव्वद भागच धरायचे. रॉली ब्रँडवोल्डच्या दांडग्या गाडीचे आठशे साठ. भारी गाडीला सवलत कमी, खटाऱ्याला जास्त. ऐकायला इतकं न्यायाचं वाटतं की डोळ्यांत पाणी यावं.

गोम पुढे आहे. गुणक ठरवायचं एक सूत्र होतं. गेल्या वर्षी त्या गटाने ज्या सगळ्यांत चांगल्या वेळा दिल्या, त्यांवरून पुढच्या वर्षीचा आकडा निघायचा. रॉलीच्या गटात अकरा जण होते. मार्लिसच्या गटात मार्लिस होती.

पहिल्या वर्षी ती तिसरी आली. गुणक सातशे अठ्ठ्याण्णव झाला. पुढच्या वर्षी ती आणखी सफाईने चालवायला लागली आणि दुसरी आली. आठशे सहा. त्याच्या पुढच्या वर्षी जिवाचं रान केलं, मागचे शॉकअॅब्सॉर्बर गेले होते तरी रेटलं, आणि तिसरी आली. आठशे पंधरा. गाडी तीच, गंजही तोच, फक्त मागच्या चाकावरचं भोक जरा मोठं झालं होतं. तरी कागदावर ती गाडी वर्षागणिक तरुण होत चालली होती.

फेब्रुवारीतल्या बैठकीत, चर्चच्या तळघरात, तिने हात वर केला. रॉली गटसमितीचा अध्यक्ष, अकरा वर्षं. धान्याच्या कोठ्या विकायचा. माणूस वाईट नव्हता, हीच पंचाईत होती. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

“रॉली, माझ्या गटात माझ्याशिवाय कोण आहे?”

“कुणी नाही.”

“मग तू गाडीची वेळ मोजतोयस की माझी?”

“सूत्र गाडीचं आहे, मार्लिस. सूत्रात माणसाचं नाव नसतं.”

“पण वेळ माणूस काढतो ना? उद्या तुझ्या गाडीत कुणी शिकाऊ बसला तर?”

“माझ्या गटात अकरा जण आहेत. एखादा शिकाऊ असला तरी बाकीचे दहा भरून काढतात.”

“तेच म्हणतेय मी! माझ्यात दहा नाहीयेत. दुसऱ्या कुणाला तरी माझी गाडी चालवायला लावा, मग आकडा काढा.”

“कोण चालवणार तो डबा?” मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. मार्लिसही हसली. तिला नंतर याचाच जास्त राग आला. त्यांनी हसावं ते ठीक, पण आपण कशाला दात काढले?

तिला पट्टी हवी होती हे खरं. पण पट्टीपेक्षाही, आयुष्यात एकदा कुणीतरी म्हणावं की ही बाई चांगली चालवते, हे हवं होतं. लोक म्हणायचे, “छोटी गाडी भारी आहे हं तुझी.” बेकरीतल्या बाईला पाव छान झालाय म्हणतात, भट्टीला नाही म्हणत. इथे सगळं कौतुक भट्टीला जात होतं.

मार्चमध्ये एका सकाळी फाटकापाशी बस थांबवताना तिच्या मनात ती गोष्ट आली. ब्रेक तिने नेहमीप्रमाणे लवकर दाबला होता, मुलं जागची हललीसुद्धा नव्हती. हे आपल्याला किती छान येतं, असं तिला वाटलं. मग वाटलं, सूत्राला माझी वेळच हवी आहे ना? घे म्हणावं.

त्या वर्षी एप्रिलच्या पहिल्या रविवारपासून तिने प्रत्येक वळणावर एक शंकू अलीकडे ब्रेक दाबला. फक्त एक. गाडी डगमगली नाही, कुठे चुकली नाही, शंकू एकही पाडला नाही. नुसती तीन सेकंदांनी मागे राहिली. रविवार वाया जातो हे तिला दिसत होतं, पण एका वर्षाची तर गोष्ट होती. सूत्र सैल पडलं की पुढच्या वर्षी मोकळं सोडायचं.

“काय गं, आज काय झालं?” आर्डिसने विचारलं. आर्डिस नोंदणीच्या टेबलावर बसायची आणि जगाची काळजी करायची.

मार्लिसने काहीच ठरवून ठेवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, “खांदा धरलाय.”

झालं. पुढच्या रविवारी आर्डिस हॉटडिश घेऊन हजर, म्हणजे वर बटाट्याचे गोळे रचून भट्टीत भाजलेलं पातेलंभर जेवण. “शंकू उचलायला वाकायचं नाही हं तू. तुझी पाळी मी करते.” मार्लिस नको नको म्हणत राहिली, पण खांदा दुखतो म्हटल्यावर नको म्हणायचं तरी कसं? तिला घडीच्या खुर्चीवर बसवलं. तिच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी आर्डिस तिच्या वाटणीचे शंकू उचलत धावपट्टीवर पळत होती, आणि ही धडधाकट बाई मांडीवर हॉटडिश घेऊन ते बघत होती. घास गिळवेना. पण गिळला, कारण आर्डिस लांबून बघत होती.

आणि मग पाऊस आला. तसा पाऊस त्या भागात दहा वर्षांत झाला नव्हता. आठातले पाच रविवार धावपट्टी चकचकीत ओली. ओल्या सिमेंटवर दांडग्या गाड्यांची काय दैना होते! पाय जरा जड पडला की मागचं धूड बाजूला. रॉली गोल फिरून शंकूंच्या ढिगात बसला, तेही दोनदा. आणि मार्लिसचा डबा, हलका, पुढच्या चाकांवर ओढला जाणारा, पाण्यातून बदकासारखा जायचा. तिला ते बुडाखाली कळत होतं. गाडी म्हणत होती चल, आणि ती एक शंकू अलीकडे पाय दाबत होती.

जुलैमध्ये उन्हाळी वर्गांच्या दोन खेपांच्या मधल्या वेळात तिने बसच्या वेळापत्रकामागे आकडे मांडले. रॉलीची ओल्यातली वेळ एक्कावन्न सेकंद आणि काही, त्याच्या गुणकाने चव्वेचाळीस. तिची छप्पन. पण तिने दाबून ठेवलेले तीन सेकंद सोडले असते तर त्रेपन्न, आणि त्या जाचक आठशे पंधरानेसुद्धा त्रेचाळीस आणि थोडं. म्हणजे ती जिंकत होती. सवलत नको, मेहेरबानी नको, त्यांच्याच कडक आकड्याने, त्यांच्या नाकावर टिच्चून ती जिंकत होती. फक्त चालवत नव्हती.

तिने आकडे तीनदा मांडले. दर वेळी तेच आले.

तेव्हा तरी सोडून द्यायचं, असं बाहेरचा माणूस म्हणेल. पण चार रविवार हातचे गेले होते, आणि हिशेबात आठही धरतात. शिवाय एक जरी फेरी खरी मारली असती तर सूत्राने नेमकी तीच उचलली असती. मग हे वर्षही गेलं आणि पुढचंही. तिने स्वतःच्या हाताने बांधलेली गाठ होती, ती सुटायची नव्हती. उरलेले चार रविवारही ती एक शंकू अलीकडेच थांबली. त्यांतले तीन ओले होते. घरी जाताना ती गाडीत मोठ्याने स्वतःला शिव्या द्यायची, बसमध्ये मुलांना ज्यांच्यासाठी पुढच्या बाकावर बसवते त्या.

त्या वर्षी रॉली जिंकला. दोनदा शंकूंत बसूनही.

फेब्रुवारीत सूत्राने तिला सातशे चौऱ्याण्णव दिला. “बघा,” रॉली म्हणाला, “कुणावर अन्याय होत नाही. वेळ लागतो, पण सूत्र बरोबर जागेवर येतं.” आणि त्याने तिच्याकडे बघून मान हलवली, आकडा आपल्या खिशातून काढून दिल्यासारखी.

पुढचं वर्ष कोरडं ठणठणीत गेलं. मार्लिसने गाडी मोकळी सोडली ती एप्रिलपासून. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी ती आणि रॉली बरोबरीत होते, आणि जो तो बर्गर हातात धरून दोरीपाशी उभा. रॉलीने शेवटच्या फेरीत शेहेचाळीस पूर्णांक एक काढली. त्याच्या गुणकाने ती एकोणचाळीस पूर्णांक चौसष्ट झाली. ती त्याची आयुष्यातली सगळ्यांत चांगली फेरी होती, असं तो नंतर सगळ्यांना सांगत होता.

मग मार्लिस गेली. त्या फेरीत तिने काही वेगळं केलं नाही. फक्त प्रत्येक ठिकाणी शेवटच्या शंकूपर्यंत वाट बघितली, आणि तिथे गेल्यावरसुद्धा थोडी वाट बघितली. एकोणपन्नास पूर्णांक सहा. गुणकाने एकोणचाळीस अडतीस.

ती गाडीतून उतरली. पहिली हाक आली ती अशी: “सातशे चौऱ्याण्णव! काय आकडा लागलाय तुला!”

दुसरा म्हणाला, “गेल्या वर्षीच्या गुणकाने चाळीसच्या वर गेली असतीस.”

“हो,” ती म्हणाली. तेवढाच हिशेब तिलाही येत होता.

मोजणी संपली की गंमत म्हणून एकमेकांच्या गाड्या चालवायचा रिवाज होता. रॉली हसत हसत तिच्याकडे आला. हरल्यावरसुद्धा तो छान हसायचा. “दे किल्ली. बघू तरी मला कुणी हरवलं ते.”

तिने जुडग्यातून किल्ली काढून दिली. इतकी वर्षं ती हेच तर मागत होती. रॉलीने तीन फेऱ्या मारल्या, तिसरी खरोखर दात आवळून. त्रेपन्न पूर्णांक एक. साडेतीन सेकंद मागे. मार्लिसला वाटलं, आता. आता म्हणतील.

रॉली दार ढकलून बाहेर आला. “अरे बापरे, कसला खटारा आहे हा! वळतच नाही!” तो लोकांकडे वळला. “बरं झालं आपण गुणक खाली आणला. बघितलंत ना? सातशे चौऱ्याण्णव अगदी योग्य होता.”

“रॉली, याच गाडीत मी एकोणपन्नास सहा काढली. आत्ता. अर्ध्या तासापूर्वी.”

“हो गं, तुला सवय आहे ना तिची.”

सवय. एकोणतीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या घोरण्याची होते, तशी.

नोव्हेंबरमध्ये लीजन हॉलमध्ये दुपारचं जेवण झालं. हॅम, चीज घातलेले बटाटे, आर्डिसचे लिंबाचे बार, म्हणजे गोड वड्या. पट्टी रॉलीनेच कोरून आणली होती. क्लबच्या रीतीप्रमाणे पट्टीवर नाव, गाडी आणि गुणक असतो. नाव बारीक पडलं होतं, कारण ट्वेटच्या आधी मार्लिस मावायला हवं होतं. सातशे चौऱ्याण्णव मात्र लांबून वाचता येत होतं.

“आणि पुढच्या वर्षीचा आकडाही काढूनच आणलाय,” रॉली म्हणाला. “आठशे बावीस. काय करणार? एकोणपन्नास सहा म्हणजे गाडी वेगवान आहे, नाही म्हणता येणार नाही.”

सप्टेंबरात खटारा, नोव्हेंबरात वेगवान. एकाच तोंडातून, पापणी न लववता. आणि हॉलमध्ये एकालाही ते खटकलं नाही. सगळे बार खात होते.

मार्लिस उठली. आभाराचे दोन शब्द बोलायचे असतात. तिने पट्टी टेबलावर ठेवली.

“मला सांगायचंय,” ती म्हणाली. “त्या पावसाच्या वर्षी मी मुद्दाम हळू चालवली. आठही रविवार. गुणक खाली यावा म्हणून. खांदाबिंदा काही दुखत नव्हता. हा आकडा मी फसवून मिळवलाय. आणि त्या वर्षी नीट चालवली असती तर तुमच्या आठशे पंधरानेच जिंकले असते मी. गाडी काही वेगवान नाहीये. गाडी कधीच वेगवान नव्हती.”

 मग कुणीतरी फिसकन हसलं.

“मार्लिस!” आर्डिसचे डोळे भरून आले. “अगं, स्वतःला इतकं का लावून घेतेस? मी डोळ्यांनी बघितलंय ना, तुला हात वर करता येत नव्हता!”

“येत होता, आर्डिस. मी खोटं बोलले तुझ्याशी. शंकू उचलायला लावले तुला.”

“औषधांनी कधीकधी आठवत नाही नीट,” आर्डिस शेजारणीला हळूच म्हणाली, हॉलभर ऐकू जाईल इतकी हळू.

“एखादं वर्ष वाईट जातं प्रत्येकाचं,” रॉलीने समजूत घातली. “माझं नाही का, दोनदा शंकूंत बसलो होतो? त्यात लाजायचं काय? आणि मुद्दाम हळू म्हणशील तर, आठ रविवार, बत्तीस फेऱ्या? अगं, ते तुला काय, कुणालाच जमणार नाही.” तो मनापासून म्हणत होता. “जिंकलीस ना? मग आनंदात घे की पट्टी.”

मार्लिसने ऑरिनकडे बघितलं. ऑरिन स्टेनहॉग, गावातला निवृत्त औषधवाला, चौऱ्याहत्तरचा. तीस वर्षं वेळमोजणीच्या व्हॅनमध्ये बसून त्याने प्रत्येकाची प्रत्येक फेरी लिहिली होती. सगळ्या वह्या त्याच्याकडे होत्या. ऑरिन काट्याने हॅमची चरबी वेगळी काढत होता. ती निघाली तरी तो काढतच राहिला.

टाळ्या झाल्या. मार्लिस खाली बसली.

दुपारी तीनला ती पट्टी आणि आर्डिसने बळेच बांधून दिलेले बार घेऊन दारापाशी आली, तर ऑरिन कोट घालत होता.

“तुम्हाला माहीत होतं,” ती म्हणाली.

ऑरिनने आजूबाजूला बघितलं. “दुखऱ्या खांद्याने माणूस चालवतो तेव्हा एक फेरी बरी जाते, एक वाईट जाते. तुझ्या दर रविवारी चारही फेऱ्या सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आत. ओल्यातसुद्धा. शंकू एक नाही पाडलास वर्षभरात.” त्याने आवाज खाली आणला. “तीस वर्षांत मी तसं चालवताना कुणाला बघितलं नाही, मार्लिस. रॉलीला नाही, बाहेरून येतात त्या मोठ्या लोकांना नाही. या वर्षी जिंकलीस ते काहीच नाही. तू हरलीस ना त्या वर्षी, ते खरं चालवणं.”

ती इतकी वर्षं हेच ऐकायला थांबली होती. ऐकलं, तेव्हा तिच्या हातात लिंबाचे बार होते आणि दारातून गार वारा येत होता.

“मग आत का नाही बोललात?”

“आत्ता बोललो तर विचारतील, तेव्हा का नाही लिहिलंस. मग त्या वर्षीचे सगळे आकडे उसवायचे. सगळ्यांचे.” तो कोटाची चेन लावायला लागला. चेन मध्येच अडकली. “आणि रॉलीची पट्टी भिंतीवर लागलेली आहे.”

“ऑरिन, आत चला. आत्ता मला म्हणालात तेवढंच म्हणा. बाकी काही नको. पट्टी परत देते मी.”

चेन सुटली. ऑरिनने ती गळ्यापर्यंत ओढली आणि हातमोजे शोधत बसला. दोन्ही त्याच्या हातातच होते.

“थंडी वाढली बघ,” तो म्हणाला. “फाटकापाशी बर्फ धरलाय म्हणतात. उद्या बस काढशील तेव्हा जरा अलीकडेच ब्रेक मार.”